डेरोझिओंचा देश

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातील युरोपीय व भारतीय अशा मिश्र रक्ताच्या समाजाला ‘ईस्ट इंडियन’ म्हणत. (मुंबई-वसईकडील मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती निराळे, त्यांनी हे नाव १८८७ मध्ये घेतले.) आई किंवा वडील भारतीय असलेल्यांना ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ पासून मुलकी सेवेतील व सैन्यातील अधिकारपदे बंद केली होती. कलकत्ता शहराची हद्द ओलांडली की इंग्रजी कायद्याचे संरक्षणही त्यांना उरत नसे. साहेबांच्या लेखी ते नेटिव्ह, तर हिंदू समाजाच्या लेखी फिरंगी. अशा समाजात १८०९ च्या एप्रिलमध्ये हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ यांचा जन्म झाला.

वडील फ्रान्सिस हे पोर्तुगीज वंशाचे, एका व्यापारी पेढीत हिशेबनीस. आई सोफिया जॉन्सन इंग्रज कुळातील. आजोबा मायकेल डेरोझिओ यांची नोंद मोठी बोलकी आहे. चर्चच्या नोंदवहीत ते नेटिव्ह प्रॉटेस्टंट आहेत, तर व्यापाऱ्यांच्या यादीत पोर्तुगीज. माणूस एकच, पण लिहिणाऱ्याच्या सोयीनुसार त्याचा देश बदलतो. गोवा-वसईकडच्या वाचकाला हा घोळ अपरिचित नाही. पोर्तुगीज आडनाव असले की पोर्तुगीज रक्त असतेच असे नाही, हे तेथे सर्वांना ठाऊक आहे.

डेव्हिड ड्रमंड या स्वतंत्र विचारांच्या स्कॉटिश शिक्षकाच्या शाळेत हेन्री शिकले. तेथे युरोपीय, ईस्ट इंडियन व हिंदू मुले एकाच वर्गात बसत. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पेढीवरच्या कारकुनीत मन रमेना, तेव्हा ते भागलपूरला नातलगांच्या निळीच्या कारखान्यावर गेले. गंगेचे विशाल पात्र आणि त्यातून वर आलेला जहांगिरा येथील खडक त्यांनी तेथे पाहिला. पुढे १८२८ मध्ये ‘द फकीर ऑफ जंघीरा’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले, त्याची पार्श्वभूमी हीच. सती जाण्यासाठी आणलेल्या विधवेला तिचा पूर्वीचा प्रियकर चितेवरून पळवून नेतो, असे त्याचे कथानक आहे. सतीबंदीचा कायदा त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १८२९ मध्ये झाला.

या काव्यासोबत छापलेल्या एका सुनीतात त्यांनी भारताला मायभूमी म्हणून साद घातली. तिचे गतवैभव हरपल्याची खंत त्यात आहे. इंग्रजीतून लिहिलेल्या देशभक्तिपर कवितेचा भारतातील आरंभ अनेक अभ्यासक येथूनच मानतात. त्याआधीच्या १८२७ च्या संग्रहात त्यांनी भारताला मूक झालेल्या हार्पची उपमा दिली होती. हार्प हे वाद्य मात्र आयर्लंडचे. टॉमस मूर या आयरिश कवीच्या वाचनातून ते आले. देशभक्तीची भाषा परक्याकडून उसनी घेतलेली होती, हे मान्य करायला हवे. पण त्या काळी तशी भाषा भारतात तयार तरी कोठे होती?

सतराव्या वर्षी ते हिंदू कॉलेजात शिक्षक झाले. विद्यार्थी त्यांच्याहून फार तर चार-सहा वर्षांनी लहान. वर्ग सुटल्यावरही चर्चा चाले. त्यातूनच १८२८ च्या सुमारास ‘अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन’ हे वादमंडळ निघाले. ईश्वर आहे की नाही, मूर्तिपूजा, स्त्रियांची स्थिती असे सारे विषय तेथे निघत. कृष्णमोहन बॅनर्जी, रामगोपाल घोष, प्यारीचंद मित्र, रामतनू लाहिरी, हिमालयाच्या शिखरांच्या उंचीची गणिते मांडणारे राधानाथ सिकदार ही सारी त्या परिवारातील मंडळी. काहींनी उघडपणे निषिद्ध अन्न खाल्ले, जानवी टाकली, आणि कलकत्त्यातील सनातनी कुटुंबे हादरली. तरुणांचा हा आचरटपणा काही वेळा पोरकटच होता. त्याचा जाब मात्र शिक्षकाला द्यावा लागला.

एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापक समिती बसली. डेरोझिओ शिकवण्यास अपात्र आहेत, असे बहुसंख्य सदस्यांना वाटले नाही. तरीही हिंदू पालकांच्या भावना पाहता त्यांना काढणे सोयीचे, असे ठरले. बाजू मांडण्याची संधी न देता घेतलेला हा निर्णय होता. नास्तिकपणा शिकवल्याचा आरोप त्यांनी पत्राने खोडून काढला: ईश्वराच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोन्ही युक्तिवाद आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवले, असे त्यांचे म्हणणे होते. राजीनामा त्यांनी दिला, पण तो स्वखुशीचा नाही हे स्पष्ट नोंदवून.

ज्या देशाला त्यांनी मायभूमी मानले, त्याच देशातील प्रतिष्ठितांनी त्यांना दूर लोटले. त्यावर त्यांनी युरोपीय समाजाचा आसरा शोधला नाही. ईस्ट इंडियनांच्या हक्कांसाठी जॉन रिकेट्स ब्रिटिश पार्लमेंटपुढे अर्ज घेऊन गेले होते. ते १८३१ मध्ये परतले तेव्हा झालेल्या सभेत डेरोझिओ बोलले. त्याच वर्षी त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ नावाचे दैनिक काढले. आपल्या समाजाने इंग्रजांची नक्कल करीत बसू नये, हिंदू-मुसलमानांसह या देशाशी आपले हित जोडावे, हा त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या समाजासाठी भांडणे आणि भारतीय असणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

वृत्तपत्रासाठी त्यांनी जवळचे सारे पैसे घातले. वर्षअखेरीस कॉलऱ्याने गाठले. काढून टाकलेल्या शिक्षकाच्या उशाशी त्याचे हिंदू विद्यार्थी आळीपाळीने बसून होते. २६ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी डेरोझिओ यांचे निधन झाले. कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्यांची समाधी आहे.