लिओ फेंडर : रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून उमटलेला सूर

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो सुरू करतानाची प्रतीक्षाही आठवत असेल. खटका दाबताच आवाज येत नसे. आतील काचेच्या नळ्यांमधील तार तापून तांबूस होईपर्यंत थांबावे लागे. बीड, अंबाजोगाई, परळी अशा गावांतील जुन्या पिढीला हा अनुभव परका नाही. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि हे जड संच अडगळीत गेले. गिटारवादकांच्या जगाने मात्र व्हॉल्व्हची साथ सोडली नाही. आजही अनेक हौशी मंडळी व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घरी स्वतःच्या हाताने जोडतात. त्यासाठी जो आराखडा बहुधा समोर ठेवला जातो, तो लिओ फेंडर यांच्या कंपनीचा, म्हणजे मुळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा आहे.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर, म्हणजेच लिओ, यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी गाठीमुळे त्यांना एक डोळा गमवावा लागला आणि त्याजागी काचेचा डोळा बसविण्यात आला. मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या त्यांच्या एका नातेवाइकाचे दुकान होते. सुट्या भागांतून जोडलेल्या तेथील रेडिओचा मोठा आवाज ऐकून हा मुलगा थक्क झाला. तेव्हापासून रेडिओ हाच त्यांचा ध्यास झाला.

शिक्षण मात्र त्यांनी हिशेबनिशीचे घेतले. इलेक्ट्रॉनिक्सचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी कधी घेतले नाही. जे आले ते पुस्तके वाचून आणि संच उघडून. नोकरी करीत असतानाच एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने नृत्याच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिवर्धक संच मागितले आणि लिओ यांनी असे सहा संच तयार करून दिले. १९३४ मध्ये एस्थर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मंदीच्या त्या काळात हिशेबनिसाची नोकरी टिकली नाही, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. त्या वर्षी बीड जिल्हा अजून निजामाच्या संस्थानात होता.

या दुकानात रेडिओबरोबर वादकांचे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायरही येऊ लागले. कोणता भाग आधी जळतो, कोणता सांधा प्रवासातील हादऱ्यांनी सुटतो, कुठे हात घालायला जागाच ठेवलेली नसते, हे लिओ रोज पाहत होते. त्यांच्या पुढील सर्व कामाचा पाया या निरीक्षणात आहे. वस्तू केवळ चांगली वाजून भागत नाही, ती लवकर दुरुस्त करता आली पाहिजे, हा धडा त्यांनी दुरुस्तीच्या बाकावर गिरविला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉक कॉफमन या वादक-तंत्रज्ञाशी त्यांची भागीदारी झाली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार आणि तिच्यासोबतचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर हे त्यांचे पहिले उत्पादन. हे वाद्य पुढे मुंबईच्या चित्रपट संगीतातून आणि व्हॅन शिपले यांच्यासारख्या वादकांच्या ध्वनिमुद्रिकांतून महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचले. व्यवसाय वाढविण्यातील जोखीम कॉफमन यांना मानवली नाही आणि ते बाहेर पडले. १९४६ मध्ये लिओ यांनी स्वतःच्या नावाची कंपनी उभी केली. १९५१ मध्ये टेलिकास्टर ही गिटार आणि प्रिसिजन बास, तर १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर, अशी त्यांची वाद्ये बाजारात आली. या गिटारींची मान स्क्रूने जोडलेली असे. ती खराब झाली तर बदलता येई. विशेष म्हणजे लिओ यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ते वादकांच्या हाती नमुना देत, त्यांचे ऐकून घेत आणि पुन्हा बाकाकडे वळत.

विद्यार्थ्यांसाठी आणि घरगुती सरावासाठी त्यांच्या कंपनीने केलेला चॅम्प हा अ‍ॅम्प्लिफायर या विचारसरणीचा उत्तम नमुना होय. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील त्याच्या ५एफ१ या आराखड्यात अवघे तीन व्हॉल्व्ह आहेत. ५वाय३ हा व्हॉल्व्ह उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेने वळवितो. १२एएक्स७ हा गिटारमधून येणारा अत्यंत क्षीण संकेत दोन टप्प्यांत वाढवितो. ६व्ही६ त्याला इतके बळ देतो की, ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन तो आठ इंची स्पीकर हलवू शकतो. शक्ती साधारण पाच वॅट, बटण एकच. त्या काळच्या फेंडर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटर एका पट्टीवर ओळीने मांडलेले असत, त्यामुळे झाकण काढताच सारे नजरेत येई. मूळ मंडल व्हॉल्व्ह कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतील मंडलांशी नाते सांगणारेच होते. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी त्याचे आराखडेही उपलब्ध असत. सात दशकांनंतर नवख्यालाही तो जोडता येतो, याचे कारण हेच.

मात्र साधेपणा म्हणजे निर्धोकपणा नव्हे. आत तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो, म्हणून जाणकाराच्या देखरेखीवाचून हे काम करू नये. मूळ संच अमेरिकेतील सुमारे १२० व्होल्टच्या विजेसाठी होता. बीडमध्ये तो जोडणाऱ्याला २३० व्होल्टवर चालणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो.

लिओ यांना निर्मळ, स्पष्ट आवाज हवा होता. आवाज फाटणे हा त्यांच्या लेखी दोष होता. पण व्हॉल्व्हवर मर्यादेपलीकडे भार टाकला की सूर हळूहळू भरडा होत जातो, आणि नेमका हाच भरडेपणा वादकांना भावला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास फेंडरच्याच बासमन या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवरून नवा संच तयार झाला आणि रॉक संगीताचा आवाज बदलला. निर्मात्याने टाळलेली गोष्ट त्याच्या वस्तूची ओळख ठरली.

यश वाढत असताना प्रकृती ढासळत होती. जंतुसंसर्गाच्या जुनाट आजाराने लिओ खचले. आपल्या हाती फार दिवस नाहीत, असे वाटून त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या बलाढ्य उद्योगसमूहाला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्यानंतर योग्य उपचार मिळाले आणि ते बरे झाले! कंपनी मात्र हातची गेली होती आणि तिच्यासोबत स्वतःचे नावही. नव्या मालकांच्या काळात वाद्यांचा दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले, तेव्हा त्या वाद्यांवर नाव फेंडर यांचेच होते. पैसा भरपूर मिळाला होता. आरामात दिवस काढता आले असते. पण १९७० च्या दशकात ते म्युझिक मॅन या कंपनीत सहभागी झाले आणि १९८० मध्ये जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली. १९७९ मध्ये एस्थर यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. कंपवाताने हात साथ देईनासे झाले तरी त्यांनी कामावर जाणे सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला.

नाव विकता आले, आराखडा मात्र सर्वांचा झाला. ज्याला वस्तू उघडून पाहण्याची आणि बिघाड शोधण्याची सवय आहे, त्याच्यासाठीच जणू तो काढला होता. गावोगावच्या दुरुस्ती कारागिरांची संख्या घटत असताना आणि उघडताच न येणाऱ्या वस्तू घरात साचत असताना, लिओ फेंडर यांच्या कामाचे मोल अधिकच जाणवते.