रंगमंचावरचे भिक्खू उपाली : रवींद्रनाथ टागोर

रवींद्रनाथ टागोर आपल्या मुलांना राष्ट्रगीताचे कवी म्हणून परिचित आहेत. निवासी शाळेचे संस्थापक आणि विद्यार्थ्यांसाठी नाटके लिहिणारे, बसविणारे व स्वतः त्यांत उभे राहणारे शिक्षक ही त्यांची ओळख मात्र फारशी करून दिली जात नाही.

७ मे १८६१ रोजी कोलकात्याच्या जोडासांको येथील वाड्यात त्यांचा जन्म झाला. घराणे श्रीमंत, पण पिराली ब्राह्मणांचे. सनातनी ब्राह्मण त्यांच्याशी सोयरीक टाळीत. शाळेच्या चार भिंतींत बालपणीच जीव गुदमरल्याने त्यांचे औपचारिक शिक्षण अपुरेच राहिले. १८८३ मध्ये ते तत्कालीन मुंबई इलाख्यातील कारवारला, तेथे न्यायाधीश असलेल्या बंधू सत्येंद्रनाथांकडे राहिले. तेथेच त्यांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. गावाने अस्पृश्य म्हणून झिडकारलेली एक अनाथ मुलगी त्यात एका संन्याशाच्या आश्रयाला येते. या प्रश्नाने पुढे पन्नास वर्षे त्यांची पाठ सोडली नाही.

२२ डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी शांतिनिकेतनात अवघ्या पाच विद्यार्थ्यांसह शाळा सुरू केली. आरंभीचा हा आश्रम प्राचीन ब्रह्मचर्याश्रमाच्या आदर्शावर बेतलेला होता आणि जातीचे नियमही त्याच्यासोबत आत आले होते. १९०२ मध्ये प्रश्न उपस्थित झाला की, ब्राह्मण विद्यार्थ्यांनी अब्राह्मण शिक्षकाच्या पायांना स्पर्श करून प्रणाम करावा काय? रवींद्रनाथांनी कौल दिला तो परंपरेच्या बाजूने : अशा शिक्षकांना केवळ नमस्कार पुरे. गौरवग्रंथांत ही हकिकत सहसा येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ती वगळता येणार नाही, कारण याच माणसाने पुढे काय केले त्याचे मोल तिच्यामुळेच कळते.

१९११ मध्ये त्यांनी ‘अचलायतन’ लिहिले. हे नाटक एका निवासी विद्यापीठाचेच आहे. शेकडो वर्षे बंद असलेली उत्तरेकडची खिडकी सुभद्र नावाचा लहान मुलगा उघडतो आणि त्याबद्दल त्याला अंधारकोठडीचे प्रायश्चित्त ठरते. अखेरीस ज्यांची सावलीही वर्ज्य मानलेली, त्या शोणपांशूंना सोबत घेऊन गुरू येतात आणि तट कोसळतो. स्वतः संस्था चालविणाऱ्याने संस्थेच्याच भिंती पाडणारे नाटक लिहावे, याला धैर्य लागते. नाटकावर टीकाही भरपूर झाली.

‘नटीर पूजा’ (१९२६) अवदानशतकातील कथेवर आधारलेले आहे. अजातशत्रूने तथागतांची पूजा निषिद्ध ठरविलेली असताना स्तूपापुढील पूजेचा मान राजकन्यांना न मिळता श्रीमती या नर्तकीला मिळतो. स्तूपासमोर नाचण्याची आज्ञा होताच ती नाचत नाचत एकेक अलंकार उतरविते. आतून भिक्खुणीचे चीवर प्रकटते आणि रक्षक तिला ठार करतात. शांतिनिकेतनात मुलींनीच हा प्रयोग केला. भद्र घरांतील मुलींनी रंगमंचावर नाचणे तेव्हा निंद्य मानले जाई. १९२७ मध्ये कोलकात्यातील प्रयोगासाठी रवींद्रनाथांनी भिक्खू उपालींची भूमिका नव्याने घातली आणि ती स्वतःच केली. उपाली मूळचे कपिलवस्तूचे न्हावी. शाक्य राजपुत्रांनी त्यांना आपल्या आधी दीक्षा द्यावयास लावली, ती आपल्याला त्यांच्यापुढे वाकता यावे म्हणूनच. १९०२ चा तो प्रश्न आणि १९२७ चा हा उपाली शेजारी ठेवून पाहावेत.

२६ सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येरवड्यात उपोषण सोडले तेव्हा रवींद्रनाथ तेथे उपस्थित होते. त्यांची सहानुभूती त्या उपोषणाच्या बाजूने होती. ज्यांचे राजकीय हक्क त्या उपोषणाच्या दडपणाखाली गेले, त्यांची बाजू त्यांना तितकी दिसली नाही, असे माझे मत आहे. पुढच्याच वर्षी ‘चंडालिका’ आली. भिक्खू आनंद विहिरीवरच्या प्रकृतीकडे पाणी मागतात. आपल्या हातचे पाणी चालत नाही, असे ती सांगते. आनंद तिला माणूस म्हणून वागवितात आणि तिला स्वतःची नवी ओळख होते. मात्र पुढचे कथानक प्रकृतीच्या आसक्तीकडे आणि तिच्या आईच्या मंत्रतंत्राकडे वळते, आणि विहिरीवर हक्क कोणाचा हा प्रश्न मागे पडतो. तो प्रश्न बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजीच महाडच्या चवदार तळ्यावर कृतीने विचारला होता.

तरीही वर्गात ‘चंडालिका’ घ्यावी. प्रकृतीचे काम करणारी मुलगी आणि पाणी मागणारा मुलगा यांना तालमीत जे उमगते, ते नागरिकशास्त्राच्या धड्यात पाठ करून येत नाही. १९३८ मध्ये रवींद्रनाथांनी तिचे नृत्यनाट्य केले आणि शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी ते सादर केले. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, ज्या वाड्यात जन्मले तेथेच त्यांचे निधन झाले.