पानिपताने घडविलेले महादजी
१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पाय जायबंदी झालेल्या तरुण महादजी शिंद्यांना राणेखान नामक भिस्त्याने वाचविले. पाय जन्माचा अधू झाला. दृष्टी मात्र खोल झाली. माणसाचा हुद्दा न पाहता निष्ठा पाहावी, हा धडा त्यांनी गिरविला. राणेखानास भाऊ मानून सेनानायक केले. १७८७ साली लालसोटजवळ जयपूर-जोधपूरच्या फौजांपुढे माघार घ्यावी लागली. खचून न जाता त्यांनी द बॉयनकरवी कवायती पलटणी वाढविल्या. १७९० साली जयपूरच्या उत्तरेस पाटण येथे त्यांच्या फौजा विजयी झाल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्यांनी देह ठेवला.

ज्या प्रदेशात त्यांच्या फौजा शत्रू म्हणून आल्या, तेथेच विद्याधर नगरात आज आपण शेजारी म्हणून नांदतो. पडत्या काळचा सोबती विसरू नये, एवढा वारसा तरी आपण जपावा.