मिस मेरी कार्पेंटर

ज्या बाईंचे चरित्र आम्ही आज देत आहो, त्यांचा जन्म १८०७ साली इंग्लंडातील एक्झेटर येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. त्या काळी लहान अपराध्यांसही तुरुंगात कोंडीत. तेथे मूल सुधारत नाही, अधिकच बिघडते, हे जाणून बाईंनी १८५२ साली ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे सुधारशाळा काढली. १८५४ साली मुलींकरिता निराळी काढली. त्याच साली कायदा होऊन, १६ वर्षांखालील अपराध्यांस अशा शाळेत २ ते ५ वर्षे ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला. मात्र आधी निदान १४ दिवस तुरुंग भोगावा लागे. ही अट बाईंस मान्य नव्हती. १८७७ साली त्या निवर्तल्या. अट १८९९ साली उठली. वाचकहो, गावात एखाद्या पोराचे पाऊल वाकडे पडले, तर त्यास चोर म्हणण्यापूर्वी बाईंचे स्मरण करावे, अशी आमची विनंती आहे.