सव्विसाव्या वर्षी सापडलेली वाट

'द लिटल प्रिन्स' या छोटेखानी पुस्तकाने आंत्वान द सेंत-एक्झुपेरी याचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचविले. वाळवंटात विमान बिघडल्याने अडकून पडलेला एक वैमानिक आणि त्याला भेटणारा परग्रहावरचा लहानगा राजपुत्र यांची ही गोष्ट. त्यातला वैमानिक निव्वळ कल्पनेतून उतरलेला नव्हता. सेंत-एक्झुपेरी स्वतः पेशाने वैमानिक होता. मात्र हा पेशा त्याला सहजासहजी लाभला नाही. परीक्षेतील अपयश, मोडलेला विवाह, कारकुनी आणि फिरती विक्री असे सारे पचवून वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो विमान कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिला.

२९ जून १९०० रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात त्याचा जन्म झाला. घराणे सरदारी, पण संपत्ती बेताचीच. तो चार वर्षांचाही झाला नव्हता तोच वडील वारले आणि पाच मुलांचा भार आईवर येऊन पडला. १९१२ मध्ये घराजवळच्या आंबेरियू येथील धावपट्टीवर घिरट्या घालता घालता बारा वर्षांच्या आंत्वानला एका वैमानिकाने विमानातून फिरवून आणले. आकाशाचे वेड त्याला लागले ते तेव्हापासून. परंतु वेड आणि उपजीविका यांची गाठ पडायला पुढे चौदा वर्षे जावी लागली.

नौदल अकादमीच्या प्रवेश परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. मग काही काळ पॅरिसमध्ये वास्तुकलेच्या वर्गात बसला, पण तिथेही मन रमले नाही. १९२१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तो स्ट्रासबुर्गच्या हवाई तुकडीत दाखल झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला जमिनीवरचेच काम आले. त्याने आईकडून पैसे मागवून खाजगीरीत्या विमान चालविण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे मोरोक्कोत लष्करी वैमानिकाचा परवानाही मिळविला.

१९२३ मध्ये पॅरिसजवळच्या ल बुर्जे येथे झालेल्या अपघातात त्याच्या कवटीला दुखापत झाली. लुईज द विल्मोरँ या तरुणीशी त्याचा वाङ्‌निश्चय झालेला होता. जावयाने असा जीवघेणा धंदा करावा हे तिच्या घरच्यांना मान्य नव्हते. त्यांच्या आग्रहाखातर त्याने हवाई दल सोडले आणि कौले बनविणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत हिशेब तपासण्याची नोकरी धरली. ज्या लग्नासाठी हा त्याग केला ते लग्नही त्याच वर्षी मोडले. पुढे 'सोरेर' या ट्रक बनविणाऱ्या कंपनीचा विक्रेता म्हणून तो मध्य फ्रान्समधील गावोगाव हिंडला. दीड वर्षाच्या भटकंतीत त्याने जेमतेम एक ट्रक विकला, असे सांगितले जाते.

या काळात दोनच गोष्टी त्याला तगवून होत्या. एक लेखन आणि दुसरी, सवड मिळेल तेव्हा केलेले उड्डाण. १९२६ च्या वसंतात एका वाङ्मयीन मासिकात त्याची वैमानिकाच्या जीवनावरील कथा प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्याच्या एका जुन्या शिक्षकाने तूलूझ येथील लातेकोएर या विमान कंपनीकडे त्याची शिफारस केली. ही कंपनी फ्रान्समधून स्पेनमार्गे आफ्रिकेत टपाल पोहोचवीत असे. तिचा कारभार दिदिए दोरा या करड्या शिस्तीच्या माणसाच्या हाती होता. सरदार घराण्यातील या नवख्या उमेदवाराला त्याने लगेच विमान दिले नाही. इतरांप्रमाणेच त्यालाही आधी कार्यशाळेत धाडले. तेथे यांत्रिकांच्या हाताखाली इंजिनांचे सिलिंडर घासूनपुसून साफ करीत त्याची उमेदवारी सुरू झाली.

त्या काळची ब्रेगे विमाने उघडी असत. त्यांची इंजिने वाटेत केव्हा दगा देतील याचा नेम नसे. पहिल्या टपाल फेरीच्या आदल्या रात्री आँरी गियोमे या सहकाऱ्याने त्याला स्पेनचा मार्ग समजावून सांगितला. नकाशावर नसलेला एखादा ओढा, शेताच्या कडेची संत्र्याची झाडे अशा बारीकसारीक खुणा, उतरताना जीव वाचविणाऱ्या किंवा घेणाऱ्या. ही शिकवणी तो जन्मभर विसरला नाही आणि गियोमे त्याचा जिवलग मित्र झाला.

१९२७ मध्ये स्पेनच्या ताब्यातील सहारात, केप जुबी येथील तळाचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अफाट वाळू. विमान वाळवंटात उतरले तर वैमानिकाला पकडून खंडणी मागितली जाई, प्रसंगी त्याचा जीवही जाई. अडकलेल्या सहकाऱ्यांना सोडवून आणणे आणि स्पॅनिश अधिकारी व स्थानिक टोळ्या या दोघांशीही सलोखा राखणे ही त्याची जबाबदारी. सुमारे दीड वर्ष त्याने ती निभावली. ज्याला एक ट्रक विकणे जड गेले होते, त्याने येथे परक्या माणसांचा विश्वास संपादन केला. याच मुक्कामात त्याची पहिली कादंबरी आकाराला आली.

१९२९ च्या अखेरीस तो कंपनीच्या अर्जेंटिनातील शाखेचा व्यवस्थापक म्हणून ब्युनॉस आयर्सला गेला. विमान दिवसा जो वेळ वाचवी, तो रात्री थांबल्याने वाया जाई, कारण आगगाड्या आणि जहाजे रात्रीही चालतच. म्हणून रात्रीच्या अंधारात टपाल नेण्याचे धाडस ही कंपनी करीत होती. त्या अनुभवातून १९३१ मध्ये 'व्हॉल द न्युई' म्हणजे 'रात्रीचे उड्डाण' ही कादंबरी अवतरली. तिला फेमिना पुरस्कार मिळाला. तिच्यातील कठोर संचालकाच्या व्यक्तिरेखेमागे दोरा उभा आहे. मात्र त्याच वर्षी कंपनी आर्थिक गर्तेत सापडली आणि सेंत-एक्झुपेरीची नोकरीही सुटली.

पुढची वर्षे ओढग्रस्तीची होती. पॅरिस ते सायगाव या विक्रमी उड्डाणाच्या प्रयत्नात ३० डिसेंबर १९३५ रोजी तो यांत्रिक आंद्रे प्रेव्हो याच्यासह लिबियाच्या वाळवंटात कोसळला. तहानेने मरणाच्या दारी पोहोचलेल्या या दोघांना एका बेदुइनाने वाचविले. १९३८ मध्ये ग्वाटेमालातील अपघाताने तर त्याचे शरीर कायमचे खिळखिळे केले.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचा पाडाव झाल्यावर तो अमेरिकेत गेला. एप्रिल १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'द लिटल प्रिन्स' प्रसिद्ध झाले. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा, कीर्तिवंत लेखक होता. सुरक्षित राहणे त्याला सहज शक्य होते. तरीही तो उत्तर आफ्रिकेत जाऊन आपल्या जुन्या टेहळणी तुकडीत दाखल झाला. लाइटनिंग जातीच्या वेगवान विमानांच्या वैमानिकांसाठी ठरविलेली वयोमर्यादा त्याने केव्हाच ओलांडली होती. जुन्या दुखापतींमुळे उड्डाणाचा पोशाख चढवितानाही त्याला दुसऱ्याची मदत लागे. उतरताना एकदा विमानाचे नुकसान झाले आणि त्याला उड्डाणबंदी झाली. वरिष्ठांकडे खेटे घालून त्याने मोजक्या उड्डाणांची परवानगी मिळविली आणि ती संख्या संपल्यावरही तो उडतच राहिला. ३१ जुलै १९४४ रोजी कोर्सिकाहून निघालेले त्याचे विमान परतले नाही.

१९९८ मध्ये मार्सेय जवळच्या समुद्रात एका कोळ्याच्या जाळ्यात त्याचे नाव कोरलेले चांदीचे कडे आले. विमानाचे अवशेषही सापडले आणि २००४ मध्ये त्यांची ओळख पटली. विमान का कोसळले, हे मात्र निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

सेंत-एक्झुपेरी हा काही निष्णात वैमानिक गणला जात नसे. त्याच्या विसराळूपणाच्या आणि धांदरटपणाच्या कथा सहकारी रंगवून सांगत. पण या पेशाने त्याला जे दिले ते कौशल्याहून मोठे होते. कुणाची तरी पत्रे वेळेवर पोहोचावीत म्हणून रात्री-अपरात्री निघणाऱ्या माणसांत त्याला आपली जागा सापडली आणि लिहिण्याजोगे जगणे हाती आले. कौलांच्या कचेरीत बसलेल्या त्या तरुणाने लग्न मोडल्यावर नशिबाला दोष देत तेथेच राहायचे ठरविले असते, तर तो कदाचित म्हातारा झाला असता; पण वाळवंटातला तो राजपुत्र कुणालाच भेटला नसता.