बीदरचा महमूद गवान : चार सत्तांच्या मधोमध उभा राहिलेला वजीर

खटकचिंचोळी : बीदरला चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना निळ्या-हिरव्या फरशांचा एकच उरलेला मनोरा दिसतो. तो 1472 साली पूर्ण झालेल्या महमूद गवानच्या मदरशाचा. पोरं तिथं फोटो काढतात. पण हा माणूस नेमका कोण, हे फारसं कुणी सांगत नाही.

गवान मूळचा इराणातल्या गिलानचा. 1453 मध्ये व्यापारी म्हणून दाभोळला उतरला आणि बीदरला येऊन बहामनी दरबारात चढत गेला. तेव्हा आपला हा मुलूख चौफेर घेरलेला होता. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, पूर्वेला ओरिसाचे गजपती, दक्षिणेला विजयनगर.

1461 मध्ये गादीवर आठ वर्षांचं पोर बसलं, अन् शेजाऱ्यांना संधी दिसली. आधी ओरिसाची फौज आली. ती परतवली तोवर माळव्याचा महमूद खिलजी उतरला, कंधारजवळ बहामनी सैन्य हरलं आणि बीदर शहरही शत्रूच्या हाती गेलं. राजमातेला लेकरासह भीमाकाठच्या फिरोजाबादला जावं लागलं. गवानने मदत मागितली ती गुजरातच्या महमूद बेगड्याकडे. गुजरातची फौज सरहद्दीवर येताच खिलजी मागे फिरला. पुढच्या वर्षी पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. बेगड्याने ही उपकारापोटी धाव घेतली नव्हती. माळवा दख्खन गिळून बसला तर उद्या आपलीच पाळी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गवानला तेवढं पुरेसं होतं.

माळव्याशी शेवटी तह झाला : खेर्ला त्यांचं, वऱ्हाड बहामनींचं. विजयनगरशी मात्र तडजोड नव्हती. 1472 मध्ये गवानने गोवा घेतला, कारण अरबी घोडे तिथूनच येत आणि घोड्यांशिवाय लढाई नाही.

बाहेरचे शेजारी त्याने सांभाळले, घरचे नाही. चार सुभ्यांचे आठ केले, सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला. दख्खनी सरदार खवळले. त्यांनी गवानचा शिक्का मारलेल्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला निमंत्रणाचं खोटं पत्र लिहवलं. मद्यधुंद सुलतानाने चौकशी न करता 1481 च्या एप्रिलमध्ये त्याचं डोकं उडवलं. खजिना तपासला तर लूट अशी काही निघालीच नाही.

सुलतान पुढच्याच वर्षी गेला. कटाचा म्होरक्या मलिक हसन. त्याच्या पोराने अहमदनगरची निजामशाही उभी केली. गवानचा माणूस युसूफ आदिलखान विजापूरला बसला. आणि बीदरला बरीदांचं राज्य आलं.