प्रेमकथा लिहिणारे तर्कशास्त्राचे प्रोफेसर

प्रा. नारायण सीताराम फडके यांचे नाव आता नव्या पिढीच्या कानावरून फारसे जात नाही. पण ज्यांच्या घरात जुन्या पुस्तकांचे कपाट अजून शाबूत आहे, त्यांनी ते एकदा उघडून पाहावे. ज्ञानेश्वरी, दासबोध, हरिभाऊ आपटे यांच्या मागे कुठेतरी, वाचनालयाच्या जाड पुठ्ठ्यात बांधलेली आणि बहुधा परत करायची राहून गेलेली फडक्यांची एखादी कादंबरी सापडण्याचा संभव बराच आहे. आजीने ती उघडपणे वाचली असेल असे मात्र नाही.

फडक्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी नगर जिल्ह्यातल्या कर्जत येथे झाला. शिक्षण पुण्यात झाले. लिहिण्याची खोड विद्यार्थिदशेतच लागली. ‘मेणाचा ठसा’ ही त्यांची पहिली गोष्ट १९१२ मध्ये ‘केरळकोकीळ’ मासिकात छापून आली, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. १९१७ मध्ये ‘अल्ला हो अकबर’ ही पहिली कादंबरी आली. ती त्या काळी इंग्रजीत प्रचंड खपणाऱ्या मेरी कॉरेली या लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली होती. त्या वेळच्या मराठी लेखकाने इंग्रजी कादंबरीचा आधार घेणे यात नवल काहीच नव्हते. पण शेक्सपिअर, स्कॉट सोडून कॉरेलीकडे वळणारा हा तरुण वाचकाला काय आवडते याचा विचार पहिल्यापासून करत होता, एवढे त्यातून दिसते.

पोटाचा उद्योग मास्तरकीचा. विषय तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र. पुण्यात आणि पुण्याबाहेर काही ठिकाणी शिकवल्यावर १९२६ मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले आणि पुढची वीसहून अधिक वर्षे कोल्हापूरकर होऊन राहिले. कोल्हापूर म्हणजे आम्हां बेळगावकरांना शेजारचे घर. अंबाबाईच्या दर्शनाला आणि लग्नाच्या खरेदीला जायचे गाव. त्या काळी त्या गावात साहित्याची मोठी दाटी होती. १९२८ मध्ये माधव जूलियन त्याच कॉलेजात फारसी शिकवायला आले. १९३८ मध्ये वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरात राहायला आले. चित्रपटांचे स्टुडिओ तिथे होतेच.

‘कुलाब्याची दांडी’ १९२५ ची. तिने फडक्यांचे नाव झाले. मग ‘जादूगार’ १९२८ मध्ये, ‘दौलत’ १९२९ मध्ये, ‘अटकेपार’ १९३१ मध्ये, ‘निरंजन’ १९३२ मध्ये. अशी रांगच लागली. आयुष्याच्या अखेरीस कादंबऱ्यांची संख्या सत्तरच्या वर गेली. शिवाय कथासंग्रह, निबंध, चरित्रे, समीक्षा हे वेगळेच. वर्ग, तपासायचे पेपर आणि सभासंमेलने सांभाळून साठ वर्षांत एवढे लिहायचे म्हणजे वर्षाला एकाहून जास्त कादंबरी पडते. प्रतिभेची वाट पाहत बसणाऱ्याचे हे काम नव्हे.

या कादंबऱ्यांत काय असे? सुशिक्षित तरुण, सुशिक्षित तरुणी. नायक प्रोफेसर, डॉक्टर, चित्रकार किंवा खेळाडू. नायिका कॉलेजात जाणारी, हजरजबाबी, चांगली पातळे नेसणारी. टेनिसचे कोर्ट, मोटार, चहाचे टेबल, थंड हवेचे ठिकाण. गैरसमज होतो, ताटातूट होते, तिसरा कोणी मध्ये येतो आणि गाठ शेवटच्या प्रकरणात सुटते. पुढे ‘गुलाबी’ हे विशेषण त्यांना चिकटले ते यामुळे, आणि ते सर्वस्वी अन्यायाचे होते असे म्हणता येणार नाही. फडक्यांच्या नायकाला महिनाअखेरची चिंता क्वचितच पडते.

पण हे वाचणारे कोण होते, हे विसरून चालत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू विधवा होते आणि तिचे केशवपन होते. ती कादंबरी १८९० च्या आगेमागची. तिच्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांत ‘दौलत’ येते. ‘दौलत’ निघाली त्याच १९२९ साली शारदा कायदा मंजूर झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. चौदा! त्यालाही सनातन्यांचा केवढा विरोध झाला. अशा काळात विशीतली मुलगी परक्या पुरुषाशी सरळ नजरेने बोलते, त्याची थट्टा करते, नकार देते, आणि शेवटी आपल्या मनाने नवरा निवडते, हे नुसते छापलेले पाहणेही हजारो मुलींना नवे होते. खऱ्या आयुष्यात त्यांचे लग्न वडीलधारे पत्रिका पाहून ठरवणार होते. तरी असेही असू शकते, ही कल्पना घरात शिरली. समाजसुधारकाच्या व्याख्यानाला मुलीला कोणी पाठवत नसे. कादंबरी मात्र उशीखाली मावत होती.

फडक्यांचा स्वतःचा सुधारकीपणा केवळ कादंबरीपुरता नव्हता, हेही सांगायला हवे. संततिनियमनाचा उघड पुरस्कार करणाऱ्या पहिल्या मराठी सुशिक्षितांपैकी ते एक. १९२७ मध्ये या विषयावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याला अमेरिकेतल्या या चळवळीच्या अध्वर्यू मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. याच विषयापायी र. धों. कर्व्यांना नोकरी गमवावी लागली होती, हे लक्षात घेतले म्हणजे कॉलेजातल्या प्रोफेसराने असे पुस्तक लिहिण्यात धाडस काय होते ते कळते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या नावावर ठळकपणे मांडली पाहिजे. ‘रत्नाकर’ मासिकातून त्यांनी ‘गुजगोष्टी’ लिहायला सुरुवात केली आणि मराठीत लघुनिबंध रुजवला. एखादी साधी वस्तू किंवा सवय घ्यायची आणि तिच्याविषयी मित्राशी बोलावे तसे चार पाने बोलायचे. त्यांच्या मागून खांडेकर आले, अनंत काणेकर आले. माझ्या मते फडक्यांचे सर्वांत टिकाऊ लेखन हेच. कादंबऱ्यांतली मोटार जुनी झाली, गुजगोष्टींतले बोलणे अजून ताजे वाटते. आज वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत जे खुसखुशीत सदर आपण आधी उघडतो, त्याचे मूळपुरुष हे.

तर्कशास्त्राचा माणूस म्हणून त्यांना एक गोष्ट पटत नसे, ती म्हणजे लेखन ही शिकता न येणारी दैवी देणगी आहे ही समजूत. १९३१ मध्ये त्यांनी ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथ काढला. कथानक कसे रचावे, पहिल्याच वाक्याला वाचक कसा धरावा, गुंतागुंत कुठवर वाढवावी, उत्कर्षबिंदू कुठे आणावा, पात्रे कशी उभी करावीत, याचा तो पाठच होता. सुताराने आपली हत्यारे मांडून दाखवावीत तसा. नवशिक्या लेखकांच्या एका अख्ख्या पिढीने तो उशाशी ठेवला. त्यातले विवेचन इंग्रजी ग्रंथांवरून उचललेले आहे अशी टीकाही झाली आणि ती बरीचशी खरी होती. तरी मराठीत लेखनाच्या तंत्राचा एवढा व्यवस्थित विचार त्यांच्याआधी कोणी मांडला नव्हता, हेही खरेच.

मग तो प्रसिद्ध वाद पेटला. कलेसाठी कला की जीवनासाठी कला? फडक्यांचे म्हणणे असे की साहित्याचे काम आनंद देणे. त्याला समाजसुधारणेच्या किंवा राजकारणाच्या गाड्याला जुंपू नये. समोर आचार्य जावडेकर होते, लालजी पेंडसे होते, आणि मुख्य म्हणजे खांडेकर होते. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ लिहिणाऱ्या खांडेकरांना समाजातल्या दुःखाकडे पाठ करून लिहिणे पटणे शक्य नव्हते. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही, जिथे जिथे मराठी वाचनालय होते तिथे तिथे, लोक फडकेपक्षीय आणि खांडेकरपक्षीय झाले. गंमत अशी की वादातले हे दोन मल्ल काही वर्षे एकाच गावात राहत होते, आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना पाठोपाठ मिळाले. १९४० मध्ये रत्नागिरीला फडके, १९४१ मध्ये सोलापूरला खांडेकर. महाराष्ट्राने निवाडा केला नाही, दोघांनाही पाट दिला.

या वादात फडक्यांची बाजू दुबळी होती असे समजण्याची रीत पडली आहे. मला ते पूर्ण पटत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला, सासुरवाशिणीला, तास-दोन तास निखळ सुख देणे ही हलकी कामगिरी नव्हे. दुबळेपणा होता तो दुसरीकडे. आनंद देण्याच्या नादात त्यांनी आनंदाची किंमत कोण देते हे पाहिले नाही. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करून घर चालवणाऱ्या, पण लग्न न झालेल्या मुलीच्या मनात काय चालते हे त्यात होते. नायिका तीच, कॉलेजात गेलेली. पण टेनिस कोर्टाच्या पलीकडे तिचे काय होते, ते एका बाईने सांगितले. ‘दौलत’ आणि ‘कळ्यांचे निःश्वास’ ही पुस्तके पाठोपाठ वाचावीत. त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाचे दोन्ही डोळे त्यांत आहेत.

फडक्यांच्या स्वतःच्या घरातही असा प्रसंग आला आणि तो गाळून त्यांचे चरित्र सांगणे बरोबर होणार नाही. पहिल्या पत्नी मनोरमाबाई हयात असताना त्यांनी कमला दीक्षित यांच्याशी दुसरा विवाह केला. कमलाबाई त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. कायद्याची आडकाठी तेव्हा नव्हती. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा आला तो १९४६ मध्ये आणि सर्व हिंदूंसाठी देशभर १९५५ मध्ये. पण लोकांनी फार बोल लावले, विशेषतः स्त्रियांनी. ज्यांनी त्यांच्या कादंबऱ्यांतून आपल्या मनाने निवड करायची म्हणजे काय हे वाचले होते, त्यांनाच हा धक्का मोठा होता. नायक-नायिकेचे मीलन झाले की कादंबरी संपते. इथे एक तिसरी व्यक्ती होती, तिचा संसार होता, आणि तिला निवडीचा अधिकार कोणी दिला नव्हता. कमलाबाई पुढे स्वतः कथा-कादंबऱ्या लिहू लागल्या आणि अखेरपर्यंत फडक्यांच्या सहचारिणी राहिल्या. मनोरमाबाईंची बाजू मात्र कोणत्याच कादंबरीत आली नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे वाचकाची रुची बदलली. तशी त्यांनीही काळाशी जुळवून घेण्याची खटपट केली होती. चळवळी, लढे, राजकीय उलथापालथी त्यांच्या कादंबऱ्यांच्या पार्श्वभूमीला येत राहिल्या. पण पुढे चालणारी गोष्ट तीच, दोघांची. इकडे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे यांची नवकथा आली. तिने ‘प्रतिभासाधन’मधली सगळी हत्यारे बाजूला ठेवली. उत्कर्षबिंदू नाही, कलाटणी नाही, कधी कधी तर कथानकही नाही. ज्या तंत्रामुळे फडके मोठे झाले, तेच तंत्र आता चेष्टेचा विषय झाले. पन्नाशी ओलांडलेल्या, एके काळी सर्वांत लोकप्रिय असलेल्या लेखकाला हे पाहणे सोपे गेले नसणार.

पण लिहिणे थांबले नाही. वाचकही अगदी तुटले नाहीत. वाचनालयांतून त्यांची पुस्तके फिरत राहिली, समीक्षकांनी त्यांच्याकडे पाहणे सोडल्यावरही. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९६९ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले ‘माझं जीवन : एक कादंबरी’. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसालाही स्वतःचे आयुष्य कथानकाच्या चौकटीतच दिसत होते, यात आश्चर्य नाही. खांडेकरांना १९७४ साली ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळाले, मराठीतले पहिले. जुन्या वादाचा निकाल लागला असे तेव्हा पुष्कळांना वाटले. फडक्यांच्या वाट्याला तसा सन्मान आला नाही.

१९७६ मध्ये खांडेकर गेले. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी पुण्यात फडक्यांनी देह ठेवला. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८० मध्ये, कमलाबाईही गेल्या.